कमठाण्याचे टेसन

ज्यांची सोयरीक उदगीर-परळीकडे आहे अशा आपल्या हैदराबादेतील जुन्या मराठी घरांना विकाराबादचा फाटा नवा नाही. जहीराबाद मागे पडले की बिदरच्या अलीकडे कमठाणा नावाचे लहानसे स्थानक लागते. गाडी क्षणभर थांबते न थांबते तोच सुटते, आणि आपण बिदर जवळ आले म्हणून पिशव्या आवरू लागतो. स्थानकाकडे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. गेल्या हिवाळ्यात मात्र बिदरहून मुद्दाम तेथे जाऊन तासभर बसलो.

भोवती बिदरच्या पठाराची तांबडी माती. झाडाखाली गाडीची वाट पाहत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. सोबतच्या मुलाशी त्या कानडीत बोलत होत्या, मी विचारले तेव्हा मराठीत म्हणाल्या, "उदगीरला जातेय, लेकीकडे. टेसन हाय म्हणून जाणं हाय, बाबा."

त्यांच्या या बोलण्यात या भागाचा सारा इतिहास आला. १९३०च्या सुमारास निजामाच्या अमदानीत ही रेल्वे झाली, तेव्हा जहीराबाद, कमठाणा, भालकी, उदगीर ही सारी गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद आंध्र प्रदेशात. आजही जहीराबादच्या पाटीवर तेलुगू, कमठाण्याच्या पाटीवर कन्नड आणि उदगीरला आपली देवनागरी. कचेऱ्या बदलल्या, शाळांची भाषा बदलली. रूळ मात्र कोणाला वाटून घेता आले नाहीत. लेकी दिल्या त्या या रुळांच्या भरवशावर.

म्हणूनच अशा स्थानकाचा थांबा ही केवळ वेळापत्रकातील बाब नव्हे. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या परतल्या, पण कित्येक पॅसेंजर एक्स्प्रेसचे नाव घेऊन. किमान भाडे दहाचे तीस रुपये झाले. ते पुन्हा दहावर यायला २०२४चा फेब्रुवारी उजाडला. देशात अनेक लहान गावांचे थांबे त्या काळात गेले ते गेलेच. शहरातल्या माणसाला वीस रुपयांचा फरक जाणवत नाही. रोज मजुरीला जाणाऱ्याला आणि वर्षातून चारदा लेकीला भेटणाऱ्या आईला तो जाणवतो. भेटी चाराच्या दोन होतात, मग एक. सरहद्द नकाशावर आखली जाते १९५६ साली. घरात ती शिरते अशी, हळूहळू.

गाडी आली. मुलाने बाईंना हात देऊन वर चढवले, मागून ज्वारीचे गाठोडे दिले. बाईंनी तिकीट पदराच्या गाठीत बांधले. तीन भाषांचा तो मुलूख अजून त्या एका गाठीत मावतो आहे.