लिहिले, म्हणजे नेमके केव्हा?

मजकूर टाइप करायचा, ‘सेव्ह’ म्हणायचे आणि निर्धास्तपणे उठायचे, ही सवय आता लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडली आहे. ‘सेव्ह’ला मराठीत ‘जतन करा’ असा नेटका प्रतिशब्दही रुळला. पण पडद्यावर ‘जतन झाले’ असे दिसते, त्या क्षणी मजकूर डिस्कवर पोहोचलेला असतोच असे नाही. वापरातल्या प्रोग्रॅमने तसा खास आग्रह धरला नसेल, तर बहुधा तो पोहोचलेला नसतो.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोग्रॅमने दिलेला मजकूर डिस्कपर्यंत नेण्याचे काम त्याचे. लिनक्सच्या कर्नलमधली ही वाट मी काही वर्षे अभ्यासतो आहे. त्यातून एक गोष्ट मला ठळकपणे दिसली. लेखनाचा वेग वाढवण्यासाठी अर्धशतकभर जे प्रयत्न झाले, त्यांतली सर्वांत गुणकारी युक्ती एकच आहे: काम लगेच न करणे. या युक्तीची किंमत मात्र कर्नल लिहिणारे मोजत नाहीत. ऐन वेळी वीज गेली, की ज्याचा मजकूर असेल तो ती मोजतो.

उशीर इतका फायद्याचा का ठरतो, ते साध्या गणिताने कळते. हार्डडिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा समोर येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि त्याआधी लिहिणारी सुई योग्य वर्तुळावर सरकवण्यातही काही मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या जागी लिहायचे झाले, तर सेकंदाला जेमतेम शंभरेक नोंदी होतात. मुख्य स्मृतीत एक नोंद व्हायला सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. हा फरक लाखपटीचा आहे. एसएसडी आल्यावर तो बराच घटला, पण संपला नाही.

म्हणून १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्येच ही सोय होती. प्रोग्रॅमने ‘लिही’ म्हटले, की कर्नल मजकूर स्मृतीत उतरवून घेई आणि ‘लिहिले’ असे सांगून मोकळा होई. डिस्कवरचे लेखन मागाहून, साधारण दर ३० सेकंदांनी, होत असे. गर्दीच्या वेळी दुकानातला मुनीम चिठोऱ्यावर टिपून ठेवतो आणि दुकान बंद झाल्यावर कीर्द लिहितो, त्यातलाच हा प्रकार.

चिठोऱ्याचे फायदे खरे आहेत. एकाच जागी दहा वेळा बदल झाला, तर डिस्कवर शेवटचा एकच न्यावा लागतो. निर्माण होऊन लगेच पुसलेली तात्पुरती फाइल डिस्कपर्यंत जातच नाही. शिवाय साठलेल्या नोंदी जागेच्या क्रमाने लावून एका दमात लिहिता येतात. जागेचे महत्त्व किती, हे बर्कलीच्या मार्शल मॅक्‌क्युसिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ सालच्या निबंधात दाखवले. जुन्या युनिक्सची फाइल व्यवस्था नवी असताना सेकंदाला १७५ किलोबाइट देई. काही आठवड्यांच्या वापरानंतर मजकूर डिस्कभर विखुरला, की वेग ३० किलोबाइटवर येई. पुढे मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी सगळेच बदल स्मृतीत साठवून एका सलग पट्ट्यात लिहिण्याची रचना मांडली. लिहिण्यासाठी डिस्कच्या क्षमतेचा ७० टक्क्यांपर्यंत वापर त्यांनी साधला; तेव्हाच्या युनिक्सला ५ ते १० टक्केच जमत होता.

लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या एक्स्ट३ या फाइल व्यवस्थेने रोजकीर्द आणली. फाइलचे नाव, आकार, जागा यांतले बदल आधी कीर्दीत नोंदायचे आणि मग खतावणीत न्यायचे. मध्येच वीज गेली, तर कीर्द वाचून हिशेब जुळवता येतो. नेहमीच्या मांडणीत कीर्दीची नोंद दर पाच सेकंदांनी पक्की होई, आणि तिच्याआधी त्या फाइलींचा मजकूर डिस्कवर जाई. त्यामुळे नुकसान झालेच, तर ते साधारण पाच सेकंदांच्या कामाचे. असे वचन कोणी दिले नव्हते, पण प्रोग्रॅम लिहिणारे त्यावर विसंबू लागले.

२००८च्या अखेरीस एक्स्ट४ वापरासाठी पक्की झाली. तिने उशीर आणखी एक पायरी पुढे नेला. मजकूर डिस्कवर नेण्याची वेळ येईपर्यंत त्याला जागाच द्यायची नाही. पूर्ण फाइल हाती आली, की तिला सलग जागा देता येते. वेग वाढला, आणि मजकूर स्मृतीत अर्धा मिनिट किंवा त्याहूनही जास्त राहू लागला. २००९च्या सुरुवातीला तक्रारी येऊ लागल्या: संगणक अचानक बंद पडल्यावर काही फाइली शून्य बाइटच्या होत होत्या.

कारण असे. अनेक प्रोग्रॅम नवा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहितात आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव देतात. नाव बदलल्याची नोंद पाच सेकंदांत कीर्दीत पक्की झाली, मजकूर मात्र स्मृतीतच राहिला. नेमकी तेव्हा वीज गेली, की जुनी फाइल गेलेली आणि नवी रिकामी. एक्स्ट४चे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की मजकूर पक्का हवा असेल तर प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी. प्रमाणग्रंथात दुसरे कसलेही आश्वासन नाही. हे नियमाला धरून होते. पण त्या आज्ञेचा धसका घ्यायला प्रोग्रॅमकर्त्यांकडे कारण होते. एक्स्ट३मध्ये एका फाइलीसाठी एफसिंक म्हटले, की इतरांचा साठलेला मजकूरही रेटून लिहावा लागे. २००८ साली फायरफॉक्स ३ वापरताना लिनक्सवर अनेकांचा पडदा त्यामुळे अडखळत होता.

अखेर कर्नलने पडते घेतले. नाव बदलून जुनी फाइल झाकण्याची लकब ओळखायची आणि त्या वेळी मजकूर आधी डिस्ककडे रवाना करायचा, ही सुधारणा २००९ सालीच २.६.३० या आवृत्तीत आली. थोडा वेग गेला. मला हा निर्णय योग्य वाटतो. नियम काय म्हणतो याइतकेच लोक कशावर विसंबून आहेत, हेही अभियंत्याने पाहायला हवे.

उधारीला मर्यादाही लागते. स्मृतीत बदललेल्या, पण डिस्कवर न गेलेल्या पानांना कर्नलच्या भाषेत ‘डर्टी’, म्हणजे मळलेली, म्हणतात. उपलब्ध स्मृतीच्या २० टक्क्यांपर्यंत अशी पाने साठू द्यायची, हे लिनक्सचे मूळ प्रमाण. १६ गिगाबाइट स्मृती मोकळी धरली, तर ही उधारी सुमारे ३,२०० मेगाबाइट होते. सेकंदाला १० मेगाबाइट घेणाऱ्या पेनड्राइव्हला ती फेडायला पाच मिनिटांहून जास्त लागतील. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ते असे. म्हणून २०१२च्या ३.२ आवृत्तीत वू फेंग्गुआंग यांचे काम आले. त्यात लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच डिस्कच्या वेगाच्या बेताने थोडे थोडे थांबवले जाते. मोठी फाइल उतरवताना मी ‘डर्टी’चा आकडा पाहत बसतो. तो चढतो, एका पातळीवर थबकतो आणि मग सावकाश उतरतो. मजकूर खरोखर लिहिला जातो तो या उतारावर.

उशीर एक वेळ परवडतो, पण खोटी पावती नाही. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकसकांपुढे नेमके हेच आले. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर कर्नल एफसिंकला ती एकदा कळवी. पण ते पान ‘मळलेले’ ही खूण तोवर पुसलेली असे. प्रोग्रॅमने पुन्हा एफसिंक म्हटले, की उत्तर येई, ‘सर्व ठीक’. मजकूर डिस्कवर गेलेलाच नसे. त्यानंतर पोस्टग्रेसने, २०१९मध्ये, अशी चूक दिसताच दुसरा प्रयत्न न करता थेट थांबायचे आणि स्वतःच्या कीर्दीवरून हिशेब पुन्हा उभा करायचा, असे धोरण स्वीकारले.

म्हणून ‘सेकंदाला इतके मेगाबाइट’ असा दावा वाचला, की मी आधी विचारतो: हा आकडा मजकूर स्मृतीत पोहोचल्याचा, की डिस्कवर? नुसता पहिला आकडा देणे म्हणजे उधारीची विक्री गल्ल्यात धरणे. आणि आपल्यासारख्या वापरणाऱ्यांसाठी एवढेच: पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ म्हणतो, तेव्हा आपण कर्नलला विचारत असतो, की चिठोऱ्यावर अजून काही उरले आहे का. उत्तर यायला कधी कधी मिनिटभर लागते. तेवढे थांबावे.