आवड ज्याची त्याची?
(व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक ऑस्करवर काय बोलणार, असं काही जणांना वाटलं असेल. हे प्रकरण एका फोनपासून सुरू झालं.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. सिनेमावेडा. जानेवारीत नामांकनं जाहीर झाली की याची वही निघते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतले सगळे सिनेमे मिळतील तिथे बघायचे, प्रत्येकावर टिपण काढायचं, आणि समारंभाच्या वेळी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे, गजर लावून उठायचं. एका वर्षी त्याचा लाडका सिनेमा हरला. सकाळी आठला फोन. "सर, हे चुकीचं झालं." मी चहा गाळत होतो. म्हटलं, "अरे, आवड ज्याची त्याची. एवढं काय मनाला लावून घेतोस?" तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मग सर, तुम्ही आम्हाला वर्षभर सौंदर्यशास्त्र कशाला शिकवलंत?"

त्यानंतर कित्येक महिने त्याचा फोन आला नाही. आणि चूक माझी होती, बरं का.

का, ते सांगतो. इमॅन्युएल कांटनं १७९० साली सौंदर्याविषयी एक भेद दाखवला. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कांटचा सविस्तर विचार केला आहे, जिज्ञासूंनी तो जरूर वाचावा. मी सोपं करून सांगतो. मला कारल्याची भाजी आवडते, तुम्हाला नाही आवडत. भांडण आहे का? नाही. पण मी "हा सिनेमा सुंदर आहे" म्हणतो, तेव्हा मी फक्त माझ्या जिभेविषयी बोलत नाही. तुम्हालाही हे पटायला हवं, असा दावा मी करतो. पटेलच असं नाही, पटायला हवं. आणि गंमत अशी, की हा दावा सिद्ध करायला माझ्याकडे भूमितीसारखा पुरावा नसतो. दावा सर्वांवर, पुरावा मात्र नाही. सिनेमाचा चाहता नेमका या अवघडलेल्या जागी उभा असतो.

मग त्याला वाटतं, कोणीतरी निकाल द्यावा. पुरस्कार हा निकाल देतो असं आपण धरून चालतो. पण पुरस्कार नेमकं काय मोजतो, ते पाहू.

पहिला ऑस्कर समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. पुरस्कारवाटप पंधराएक मिनिटांत आटोपलं. विजेते आधीच जाहीर झालेले होते. त्या वर्षी चित्रपटासाठी सर्वोच्च पुरस्कार एक नव्हता, दोन होते. एक उत्कृष्ट निर्मितीसाठी, तो 'विंग्ज'ला मिळाला. दुसरा अनोख्या, कलात्मक निर्मितीसाठी, तो मुर्नाऊच्या 'सनराइज'ला. म्हणजे 'उत्तम' हे दोन प्रकारचं असू शकतं, हे अकादमीनं पहिल्याच वर्षी मान्य केलं होतं. पुढच्या वर्षी दुसरा पुरस्कार बंद झाला, आणि पहिला 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' म्हणून 'विंग्ज'चंच नाव इतिहासात राहिलं. पण २०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकानं समीक्षकांचा कौल घेतला, त्यात 'सनराइज' जगात पाचवा आला.

आता मतदान. आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या पसंतीची मतं असतात, हे तुम्हाला माहीत आहे. २००९ च्या चित्रपटांपासून ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही पसंतिक्रमानं निवडतात. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसतील, तर सर्वांत खालचा सिनेमा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. असं करत करत एक जण निम्म्याच्या वर जातो. परिणाम काय? काही जणांनी जीव ओवाळून टाकलेला, पण बाकीच्यांना न रुचलेला सिनेमा मागे पडू शकतो. पुष्कळांनी दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवलेला पुढे जातो. यात लबाडी काही नाही. पण प्रश्न बदलला. "कोणता सिनेमा सर्वांत श्रेष्ठ?" हा एक प्रश्न, आणि "कोणता सिनेमा जास्तीत जास्त लोकांना चालेल?" हा दुसरा. मतमोजणी दुसऱ्याचं उत्तर देते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याचा दावा त्या पहाटे खोटा ठरला नव्हता. तसा खराही ठरला नव्हता. तो तपासलाच गेला नव्हता.

मग तपासायचा कसा? डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली चांगल्या रसिकाची लक्षणं सांगितली: शाबूत बुद्धी, तरल संवेदना, सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्ती. आता त्या वहीकडे बघा. पोरगा वर्षानुवर्षं सिनेमे बघतो, हा सराव. शेजारी शेजारी ठेवून टिपणं काढतो, ही तुलना. राहिला पूर्वग्रह, तो एकट्याला दिसत नाही, त्यासाठी वाद घालणारा दुसरा माणूस लागतो. आणि तो दुसरा माणूस, म्हणजे मी, "आवड ज्याची त्याची" म्हणून चहा गाळत बसलो होतो! हे वाक्य उदार वाटतं, पण प्रत्यक्षात ते समोरच्याच्या तोंडावर दार लावणं असतं.

शेवटी मीच त्याला फोन केला. म्हटलं, "वही काढ. तुझा सिनेमा सरस का, ते सांग." पाऊण तास बोलला. मला सगळं पटलं नाही. पण त्यानं सांगितलेले दोन प्रसंग मी पुन्हा पाहिले, आणि त्यातला एक मी पहिल्यांदा नीट पाहिलाच नव्हता, हे कबूल करावं लागलं.

पुरस्कारांचा हंगाम मला आता यासाठी आवडतो. निकाल विसरले जातात, पण चार माणसं "का?" असं एकमेकांना विचारतात. तुमच्या घरात असा कोणी पहाटे उठणारा असेल, तर त्याला हसू नका. त्याला कारण विचारा.