सतरंज्या उचलायला मुले, निर्णय घ्यायला मोठे?

जयंती आली की वस्तीतली पंधरा-सोळा वर्षांची मुले सतरंज्या अंथरतात, मिरवणुकीत नाचतात. वक्ता, विषय, खर्च मात्र मोठी माणसे ठरवतात. मग आपणच म्हणतो, पोरे विहारात येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरावस्था मानते. या वयात भावना उसळतात, पण परिणाम तोलून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून मित्रांसमोर धाडस वाढते आणि नुसता उपदेश टिकत नाही. ‘मी कोण?’ हा प्रश्नही याच वयात पडतो. वर्गात जातीवरून टोमणा ऐकणाऱ्याला तो जास्त बोचतो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुले वापरली जातात, शोभेला किंवा नावापुरती असतात. हार्ट त्याला सहभाग मानत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी लहान आणि मोठ्या किशोरांचे गट वेगळे करावेत. वर्षातल्या एका शिबिरापेक्षा आठवड्याचा ठरलेला वार बरा. वेळ मुलींना विचारून ठरवावी. थोडा निधी आणि त्याचा हिशेब मुलांकडे द्यावा. मोठ्यांनी सोबत असावे, डोक्यावर बसू नये.

येत्या जयंतीचा एक कार्यक्रम त्यांच्यावर सोपवून सुरुवात करता येईल.