पिंपरीत जुळलेल्या दोन ई-क्लास : डब्ल्यू १२४ आणि डब्ल्यू २१०

मर्सिडीज-बेंझ आणि टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांनी १९९४ साली भारतात भागीदारीची कंपनी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी टेल्कोच्या पिंपरी येथील कारखान्याच्या आवारात जर्मनीहून आलेले सुटे भाग जुळवून ई-क्लास गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातली पहिली पिढी कारखान्याच्या सांकेतिक क्रमांकावरून डब्ल्यू १२४ म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की भारतात ती ज्या वर्षी अवतरली त्याच वर्षी, १९९५ मध्ये, जर्मनीत तिची जागा डब्ल्यू २१० ने घेतली; ही दुसरी पिढीही यथावकाश पिंपरीतच जुळवली जाऊ लागली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ साली उभा राहिला, तोवर या दोन्ही पिढ्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पोहोचल्या होत्या. आज त्या बाजारात नव्या लहान गाडीपेक्षाही कमी पैशांत यांपैकी एखादी मिळू शकते, आणि म्हणूनच कोणती घ्यावी हा प्रश्न अनेकांपुढे खराखुरा उभा राहतो.

डब्ल्यू १२४ ची घडण समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. १९८४ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीचा आराखडा ज्या काळात झाला, त्या काळी या कंपनीत अभियंत्यांनी गाडी हवी तशी बनवावी आणि मग खर्चावरून किंमत ठरावी, असा शिरस्ता होता. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांनी धरणारी निलंबन रचना, म्हणजे चाक खड्ड्यात वरखाली झाले तरी त्याचा रस्त्याशी असलेला कोन फारसा न बदलू देणारी जोडणी, १९८२ च्या छोट्या १९० मालिकेत प्रथम आली होती. ती येथे मोठ्या गाडीत आली. हवेचा अडथळा मोजणारा गुणांक काही आवृत्त्यांत ०.२९ इतका खाली आणला गेला, जो त्या काळच्या चार दरवाजांच्या गाडीसाठी विलक्षण होता. समोरच्या काचेवर एकच वायपर असून त्याचा हात फिरता फिरता गिअरच्या साहाय्याने आत-बाहेर सरकतो, त्यामुळे काचेचे वरचे दोन्ही कोपरेही पुसले जातात आणि सुमारे ८६ टक्के काच स्वच्छ राहते. हा वायपर डब्ल्यू २१० मध्येही कायम राहिला. कोकणातल्या पावसात त्याचे महत्त्व चटकन लक्षात येते. मात्र त्याच्या गिअरपेटीतले ग्रीस वर्षानुवर्षे न बदलल्यास तो जड होतो, अडखळतो आणि शेवटी मोटरवर ताण येतो.

ही गाडी निर्दोष होती असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण ते खरे नाही. साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या अनेक पेट्रोल इंजिनांच्या तारांवर असे आवरण वापरले गेले की जे उष्णतेने कडक होऊन तडकते आणि पापुद्र्यांसारखे गळून पडते. तारा उघड्या पडल्या की त्या एकमेकींना टेकतात, इंजिन अडखळते, आणि दोष कॉम्प्युटरमध्ये शोधत बसण्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो. पिंपरीच्या पहिल्या गाड्या या कालखंडाच्या अगदी काठावर येतात, म्हणून २.२ लिटर पेट्रोल इंजिनाची ई २२० पाहताना बॉनेट उघडून इंजेक्टरकडे जाणारी एखादी तार रबरी टोपीपाशी हलकेच वाकवून पाहावी; ती मऊ असेल तर हार्नेस, म्हणजे तारांचा संपूर्ण जुडगा, बहुधा बदललेला आहे, आणि कडकडत असेल तर त्या खर्चाचा आकडा किमतीतून वजा करावा. पाच सिलिंडरच्या डिझेल ई २५० डी चे बळ वेगळे आहे: ती संथ आहे, थंडीत घरघरते, परंतु तिच्या दुरुस्तीसाठी महागड्या यंत्रांपेक्षा डिझेल पंपावर हात बसलेल्या कारागिराची गरज अधिक लागते, आणि ट्रक-ट्रॅक्टरांच्या या राज्यात असे कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतात.

डब्ल्यू २१० ज्या काळात घडली तो काळ कंपनीसाठी अवघड होता. १९८९ साली लेक्ससने एलएस ४०० ही गाडी आणून जर्मन गाड्यांइतकी शांतता आणि सफाई कमी किमतीत देता येते हे दाखवून दिले होते, आणि खर्चाचा हिशेब आता अभियांत्रिकीच्या आधी मांडला जाऊ लागला. त्या हिशेबाच्या खुणा गाडीवर दिसतात. बाह्य रचनेतही खंड पडला. १९७५ ते १९९९ या काळात मर्सिडीजच्या रचना विभागाचे प्रमुख असलेले ब्रुनो साको यांचा आग्रह असे की नव्या पिढीने जुन्या पिढीला म्हातारी दाखवू नये. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत आलेल्या चार लंबगोल दिव्यांच्या डब्ल्यू २१० ने नेमके ते केले, आणि त्यापुढे डब्ल्यू १२४ एका रात्रीत जुनी वाटू लागली. आज तीन दशकांनंतर मात्र चार दिव्यांचा तो चेहरा एका विशिष्ट काळाशी बांधलेला वाटतो आणि डब्ल्यू १२४ ची सरळ रेषा टिकून राहिली आहे, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे.

तरीही चालवण्याच्या बाबतीत नवी पिढी पुढे आहे, हे मान्य करायला हवे. जुन्या गाडीत पोलादी गोळ्यांवर फिरणारी स्टिअरिंग पेटी होती, तर नवीत दातेरी पट्टी आणि छोट्या चक्राची, अर्थात रॅक-पिनियनची रचना आल्यामुळे चाके कोणत्या दिशेला आहेत याचा अंदाज हाताला लवकर येतो. गाडी अधिक प्रशस्त आहे, आवाज कमी आहे, आणि १९९९ च्या सुधारणेनंतर युरोपात ईएसपी, म्हणजे घसरणाऱ्या गाडीची चाके स्वतंत्रपणे ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, सर्वच गाड्यांना मिळू लागली. ई २२० सीडीआय मधले कॉमन रेल डिझेल इंजिन, ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून अतिशय उच्च दाबाने इंधन मिळते, जुन्या डिझेलपेक्षा कितीतरी चपळ आहे. त्याचा रोग ओळखणे सोपे आहे: इंजेक्टरच्या बुडाशी बसणारा तांब्याचा छोटा वॉशर निकामी झाला की वायू बाहेर फुसफुसतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर साचत जाऊन दगडासारखा घट्ट होतो. वेळीच लक्ष दिले तर काम काही रुपयांच्या वॉशरवर भागते. उशीर झाला तर इंजेक्टर काढताना तो अडकतो आणि सिलिंडर हेडच उतरवावे लागते. पाच गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कधीच बदलावे लागणार नाही, असे प्रारंभी सांगितले गेले होते; ती भूमिका पुढे मागे पडली, आणि ज्या गाडीचे तेल एकदाही बदललेले नाही ती टाळलेलीच बरी.

डब्ल्यू २१० चा खरा शत्रू गंज आहे. पुढच्या स्प्रिंगचे वरचे टोक ज्या पोलादी वाटीत बसते ती वाटी चाकाच्या आतल्या पत्र्यावर जोडलेली असते, आणि दोन पत्र्यांमधील फटीत लावलेल्या लेपाखाली पाणी शिरले की गंज बाहेरून न दिसता आतून खात राहतो. शेवटी वाटी सुटते आणि गाडीची ती बाजू एकाएकी चाकावर बसते. वेगात असताना असे घडणे जिवावर बेतू शकते. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून, पुढची चाके काढून, टॉर्चच्या उजेडात त्या लेपाच्या कडेला फुगवटा अथवा तांबूस डाग आहे का ते पाहणे हे या गाडीच्या खरेदीतले पहिले काम होय, इंजिन सुरू करून पाहण्याच्याही आधीचे. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने हा दोष फोफावला. दख्खनच्या पठारावर आयुष्य काढलेली गाडी त्या मानाने सुदैवी असते, परंतु मुंबई, अलिबाग किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेल्या गाडीबाबत तशी आशा बाळगू नये, आणि ताज्या रंगरंगोटीने हुरळून जाऊ नये.

या सर्वाचा विचार करता, जी गाडी अनेक वर्षे जवळ ठेवायची आहे आणि आठवड्यातून एखाद्या वेळी काढायची आहे तिच्यासाठी डब्ल्यू १२४ अधिक विश्वासार्ह ठरते, कारण तिचे आजार उघड आहेत आणि तिचा सांगाडा त्यांना पुरून उरतो. पुणे-मुंबई वारंवार करणाऱ्याने १९९९ नंतरची डब्ल्यू २१० पाहावी, पण गंज नसलेलीच. इंजिन किंवा गिअरबॉक्स दुसरा मिळतो. कुजलेला पत्रा मात्र कितीही वेल्डिंग केले तरी पूर्ववत होत नाही.

कागदपत्रांचा भाग दोन्हींना सारखाच लागू आहे. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, त्यासाठी आरटीओची तपासणी असते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तो थकलेला असेल तर विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यावा. व्हिंटेज नोंदणीची सवलत पन्नास वर्षांच्या गाडीलाच मिळते, म्हणून या दोघींना तिचा आधार नाही. पेट्रोल गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तातडीची आहे: पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन मिळते, आणि १९९० च्या दशकातल्या रबरी इंधननळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, तेव्हा गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प नव्याने बसवून घ्यावेत.