कॉर्डलेसच्या यादीतले शून्य

घरातील प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला, तरी अनेक शहरी घरांतून लँडलाइन गेलेली नाही. विशेषतः जेथे वृद्ध आई-वडील एकटे राहतात, तेथे दिवाणखान्यातील कॉर्डलेस फोन अजूनही मोठा आधार असतो. मात्र त्याच्या 'फोनबुक'मध्ये मुलाने किंवा सुनेने कधीकाळी भरून दिलेले क्रमांक आज लागतात का, हे सहसा कोणी तपासत नाही. अडचण उद्भवते ती नेमकी घाईच्या वेळी.

याचे मुख्य कारण एका शून्यात आहे. पूर्वी लँडलाइनवरून आपल्याच सर्कलमधील मोबाइलला फोन करताना केवळ दहा आकडे फिरवावे लागत. शून्य लागे ते बाहेरच्या सर्कलसाठी. १५ जानेवारी २०२१ पासून मात्र लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले. मोबाइल क्रमांकांचा साठा वाढवता यावा, हा त्यामागील हेतू. साहजिकच त्यापूर्वी कॉर्डलेसमध्ये साठवलेले दहा आकडी क्रमांक एका दिवसात अपुरे ठरले. ते नव्याने भरण्याची गरज नाही. यादीतील नाव निवडावे, 'एडिट'मध्ये जावे, कर्सर पहिल्या आकड्यापूर्वी न्यावा आणि ० दाबून पुन्हा 'सेव्ह' करावे.

एवढे करूनही फोन लागला नाही, तर दोष बहुधा जुन्या काटकसरीत सापडतो. एसटीडीचे बिल वाढू नये म्हणून अनेक घरांत शून्याने सुरू होणारे क्रमांक संचातच अडवून ठेवलेले असत. 'कॉल रिस्ट्रिक्शन' किंवा 'कॉल बार' या नावाची ती सोय अद्याप चालू असेल, तर शून्य लावलेला मोबाइल क्रमांकही तेथेच अडतो. एक्स्चेंजकडून घेतलेले एसटीडी लॉक असेल, तर तेही पाहावे लागते.

दुसरा गुंता 'कॉलर आयडी'चा. येणाऱ्या फोनबरोबर एक्स्चेंजकडून केवळ क्रमांक येतो. पडद्यावर नाव दिसते, ते संचाने हा क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहिल्यामुळे. काही संच शेवटचे काही आकडे जुळले की समाधान मानतात. काहींना पूर्ण क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. यादीत शून्यासह आणि येताना शून्याविना, असा फरक पडला की मुलीचा फोनही अनोळखी वाटू लागतो व उचलला जात नाही. अशा संचात त्याच नावाची शून्याविना दुसरी नोंद केली, तर ओळख पटते. तिच्या नावापुढे एखादी खूण ठेवावी, म्हणजे फोन लावताना चूक होणार नाही. त्याच कारणाने, आलेल्या फोनच्या यादीतून क्रमांक थेट साठवताना तो एकवार वाचून पाहावा.

नावे भरणे हे खरे चिकाटीचे काम. बहुतेक संचांत देवनागरी नाही. रोमन लिपीतील 'सी'साठी २ हे बटण तीनदा दाबावे लागते. शिवाय 'आत्या' एका 'ए'ने लिहायची की दोन, यावर यादीतील तिची जागा बदलते. नात्यापुढे गाव लिहिण्याची घरगुती पद्धत येथे उत्तम चालते. 'मामा नाशिक', 'मामा सांगली' असे लिहिले की 'एम' अक्षरावर सारे मामा एकत्र सापडतात. डॉक्टरांचे आडनाव संकटात आठवेलच असे नाही. त्यांची नोंद 'डॉक्टर' या शब्दानेच सुरू व्हावी. सर्वांत निकडीचे दोन-तीन क्रमांक 'स्पीड डायल'वर ठेवावेत. बटण थोडा वेळ दाबून धरले की फोन लागतो, यादी शोधावी लागत नाही. ११२ किंवा १०८ या तातडीच्या क्रमांकांना मात्र शून्य लावू नये.

यादी कोठे साठते, हेही ठाऊक असावे. अनेक संचांत ती हँडसेटमध्ये असते, बेसमध्ये नव्हे. त्यामुळे स्वयंपाकघरातील दुसऱ्या हँडसेटवर ती आपोआप दिसेलच असे नाही. 'कॉपी'ची सोय असल्यास एका हँडसेटवरून दुसऱ्यावर नेता येते. हँडसेट पडून बिघडला, तर यादीही त्याच्याबरोबर जाते. मोबाइलप्रमाणे ती परत मिळवून देणारे सिमकार्ड वा खाते येथे नाही.

वीज गेली की बेस बंद पडतो आणि कॉर्डलेसही मुका होतो. तेव्हा मोबाइलवरून फोन करायचा, तरी क्रमांक अडकलेले असतात कॉर्डलेसमध्ये. म्हणून फोनशेजारची, ठळक अक्षरांत लिहिलेली जुनी वही रद्दीत घालू नये. यादीत शून्य घालून झाले की वहीतही ते घालावे.