जेसीबीच्या आधी पांढरीत एक खड्डा

विठ्ठल मंदिराभोवतीच्या पंढरपूर कॉरिडॉरचा वाद एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ झालाय. घरं किती जाणार, मोबदला किती, व्यापाऱ्यांचं काय. त्या घरांच्या खाली काय आहे, हे मात्र या गदारोळात फारसं कोणी विचारत नाही. खरं तर 2024 च्या मेअखेरीस विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचं काम चालू असताना हनुमान दरवाजाजवळ अचानक तळघर निघालं. आत मूर्ती, पादुका, नाणी, बांगड्यांचे तुकडे. पुढच्याच महिन्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीजवळ शेषशायी विष्णू मिळाला. दोन्ही ठिकाणी पुरातत्त्ववाले हजर होते, म्हणून निभावलं. हेच गटाराच्या ठेकेदाराच्या हाती लागलं असतं तर ट्रॉलीत भरून कुठल्या तरी भरावात गेलं असतं.

मराठवाड्यात मांजरसुंब्याहून केजकडे जाताना नेकनूर लागतं. पण अशा जुन्या बाजाराच्या गावात उत्खननाला कोण येणार? मातीची घरं पडतात, तिथे स्लॅब चढतो, आणि ‘आता खाली काय राहिलंय?’ म्हणून आपण मोकळे होतो. पण बरंच राहतं. आरसीसीचे कॉलम खोल जातात, तरी दोन कॉलमांमधली जमीन बहुधा शाबूत असते. खरी नासाडी तळघर, संडासाची टाकी आणि जुनी पेवं करतात. म्हणून खाली किती उरलंय याचा अंदाज बांधताना आधी हेच खड्डे नकाशावर मांडायचे. गावठाणाची जुनी हद्द कुठवर होती, गल्ली कुठे चढते, पाया खणणाऱ्या गवंड्याला किती फुटांवर राख लागली, हे टिपायचं. काळी-तांबडी खापरं सातवाहन काळाकडे किंवा त्याच्याही मागे बोट दाखवतात, तर झिलईचे निळे-हिरवे तुकडे बरेच अलीकडचे. शेवटी एखादा चाचणी खड्डा. हे सगळं फार खर्चाचं काम नाही.

मराठवाड्यातल्याच तेरचं उदाहरण बघा. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथातलं तगर ते हेच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. गोरोबाकाकांच्या गावात खापराला काय तोटा! पण तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर पीक जोमदार येतं, ती माळवदावरही चालते, म्हणून लोकांनी टेकाडं गाड्या भरभरून नेली. त्या मातीतून आणि पावसाने उघड्या पडलेल्या घळींतून गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे वेचत राहिले. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या. पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देणारी मूर्तीही तेरचीच. आज त्यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पुरातत्त्वज्ञ चापेकरांचं उत्खनन झालं, नंतर सरकारी पथकंही आली, पण तेर म्हटलं की मला आधी आठवतात लामतुरेच. फक्त एक खंत आहे. वेचलेली वस्तू कोणत्या थरातली, ते बहुतेक वेळा कायमचं हुकतं.

आपला कायदा स्मारकाभोवती घुटमळतो. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. यादीत नाव नसलेल्या गावठाणाला यातलं काहीच लागू नाही. उरतो 1878 चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवा, म्हणतो. खापराची किंमत कोण लावणार? इंग्लंडने 1990 मध्येच बांधकाम परवानगीशी जमिनीखालच्या अवशेषांची पाहणी जोडली.

गावकऱ्यांची भीतीही खोटी म्हणवत नाही. ‘पुरातत्त्व खातं आलं की जागा अडकली’ हे वाक्य मराठवाड्यात कुठेही ऐकू येईल, आणि म्हणूनच सापडलेलं गुपचूप बुजवलं जातं. पण पाहणी म्हणजे जप्ती नव्हे. इंग्लंडमध्येही बहुतेक जागांवर नोंद होते, फोटो निघतात, फार तर पायाची जागा थोडी सरकते आणि इमारत उभी राहते. ग्रामपंचायतीने परवानगीच्या अर्जात पाया किती खोल जाणार एवढा एक रकाना वाढवला आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागातली दोन पोरं खड्ड्यावर उभी केली, तरी नेकनूरची सुरुवात होईल.