यांत्रिक नौकाशर्यतीतील प्रवेशवर्ग : खर्च, नियम आणि संधी

२०१७ च्या मार्च महिन्यात, ३ ते ५ या तारखांना, मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोरील समुद्रात यांत्रिक नौकांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. अठ्ठावीस फूट लांबीच्या, एकाच साच्याच्या ‘पँथर’ नौका, प्रत्येक नौकेस एकच आउटबोर्ड इंजिन आणि प्रत्येकीत दोघांचा चमू, असे तिचे स्वरूप होते. परदेशांत हा वर्ग इतर खर्चिक सागरी शर्यतींच्या मानाने आटोक्यातील म्हणून योजला गेला होता. मुंबईच्या शर्यतीत भारतीय चालकांनाही स्थान मिळाले. परंतु त्यांपैकी सर्वांत परिचित नावे पाहिली, तर गौरव गिल हे मोटार-रॅलीच्या क्षेत्रातून आणि सी. एस. संतोष हे मोटारसायकलींच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतून आलेले होते. जमिनीवर कीर्ती मिळविलेल्या चालकांना पाण्यावर आणावे लागले, याचा अर्थ उघड आहे. पाण्यावर शिकून, लहान शर्यतींतून वर येऊन त्या आसनापर्यंत पोचण्याची वाट आपल्याकडे बांधलेलीच नव्हती. पुढील वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात ‘फॉर्म्युला वन’ नौकांची शर्यत झाली. तेव्हाही शिखर दिसले, पायऱ्या दिसल्या नाहीत.

या पायऱ्यांपैकी पहिली पायरी, म्हणजे अल्प खर्चाचा प्रवेशवर्ग, कशी बांधावी याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. असा वर्ग स्वस्त नौका शोधून निर्माण होतो, ही समजूत सार्वत्रिक आहे; परंतु ती अपुरी आहे. स्वस्त नौकाही चार हंगामांत महाग होते. वर्ग स्वस्त राहतो तो नियमांमुळे; आणि नियमाची कसोटी एकच : अधिक पैसा ओतणाऱ्यास त्यातून अधिक वेग मिळता कामा नये.

१. खर्च का वाढतो?

प्रथम पदार्थविज्ञानाची बाजू पाहू. संथ चालणारी नौका पाणी बाजूस सारत जाते आणि स्वतःच उठविलेल्या लाटेच्या मागे अडकते. ही मर्यादा नौकेच्या लांबीवर अवलंबून असते; चार मीटर लांबीच्या होडीस ती ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास पडते. शर्यतीची नौका ही मर्यादा ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाते व त्यावरून घसरू लागते. या अवस्थेत वजन आणि शक्ती यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. पुढे वेग वाढविण्याची किंमत मात्र झपाट्याने चढते. प्रतिरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे स्थूलमानाने धरले, तर आवश्यक शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वेग दहा टक्के वाढविण्यास शक्ती सुमारे तेहतीस टक्के अधिक लागते. घसरणाऱ्या नौकेच्या बाबतीत हे प्रमाण काहीसे सौम्य असते, तरी दिशा तीच. काठावरच्या प्रेक्षकास हा दहा टक्क्यांचा फरक जाणवतही नाही. तो जाणवतो फक्त घड्याळास आणि मालकाच्या खिशास.

दुसरी बाजू अर्थशास्त्राची आहे. शर्यतीत मोल असते ते सापेक्ष वेगाला. एका स्पर्धकाने नवे इंजिन घेतले की तो पुढे जातो. ते पाहून इतर सर्व तसेच इंजिन घेतात आणि क्रम पूर्ववत होतो. सर्वांचा खर्च वाढला, कोणाचाही लाभ झाला नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, पण सर्वांचा मिळून परिणाम मूर्खपणाचा, असा हा प्रसंग आहे. शस्त्रस्पर्धेच्या विवेचनात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो परिचित असतोच. यातून व्यक्तिगत संयमाने सुटका होत नाही. सर्वांवर सारखे बंधन घालणारा करारच त्यास उतारा ठरतो आणि शर्यतीचे नियमपुस्तक म्हणजे असा करारच होय.

२. इतिहासातील एक धडा

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यांत्रिक नौकांच्या तीन शर्यती झाल्या. हा खेळ ऑलिंपिकच्या कार्यक्रमात तेवढ्याच वेळी होता. स्पर्धकांचे वर्ग मुख्यतः नौकेच्या लांबीवरून पाडले होते. एक वर्ग खुला, दुसरा साठ फुटांच्या आतील नौकांचा आणि तिसरा साडेसहा ते आठ मीटरच्या नौकांचा. परिणाम असा झाला की, टॉमस थॉर्निक्रॉफ्ट यांच्या ‘जायरिनस’ या एकाच नौकेने दुसऱ्या व तिसऱ्या या दोन्ही वर्गांत सुवर्णपदक पटकावले, आणि तिन्ही शर्यतींत शेवटपर्यंत पोचणारी नौका एकेकच होती. हवामान प्रतिकूल होते हे खरे. तथापि केवळ लांबी मोजून पाडलेला वर्ग स्पर्धकांना समान पातळीवर आणीत नाही, हा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. ज्या गोष्टीवर पैसा वेगात रूपांतरित होतो, ती गोष्ट बांधली पाहिजे.

३. नियमांच्या चार पद्धती

पहिली पद्धत एकरचना वर्गाची. सर्व नौका एका साच्यातून काढावयाच्या आणि इंजिने एकाच नमुन्याची ठेवून त्यांना मोहोर लावावयाची. मुंबईतील पँथर नौका याच प्रकारच्या होत्या. ‘फॉर्म्युला वन’च्या सोबतीने चालविलेल्या ‘फोर-एस’ वर्गात साठ अश्वशक्तीचे चार-धावी इंजिन सर्वांना सारखे असते. या पद्धतीत तपासणी सोपी होते. दोष हा की, साच्याचा व इंजिनाचा पुरवठा एकाच हाती राहतो आणि त्या हाताने किंमत वाढविल्यास वर्ग कोलमडतो.

दुसरी पद्धत बाजारी इंजिनाची. नौका कोणतीही बांधावी, इंजिन मात्र दुकानात मिळते तसेच्या तसे वापरावे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लहानांच्या वर्गांत पंधरा अश्वशक्तीचे साधे आउटबोर्ड इंजिन या तत्त्वावर चालते. येथे कुशलतेने नौका बांधणाऱ्यास वाव राहतो. पण तंत्रतपासनीस जागरूक नसेल, तर इंजिनाच्या पोटात गुपचूप सुधारणा होऊ लागतात.

तिसरी पद्धत वेगमर्यादेची. अमेरिकेतील काही सागरी शर्यतींत वर्ग ठरतो तो कमाल वेगावरून. नौका कोणतीही असो, उपग्रहाधारित यंत्राने मोजलेला वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की दंड होतो. जुनी, घरची नौका घेऊन येणाऱ्यास हा मार्ग सर्वांत मोकळा. ज्याच्याजवळ जादा शक्ती आहे त्यास ती वापरताच येत नसल्यामुळे तिच्यावर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

चौथी पद्धत दाव्याची. अमेरिकेतील ग्रामीण मोटारशर्यतींच्या काही वर्गांत असा नियम आढळतो की, विजेत्याचे इंजिन पूर्वी जाहीर केलेल्या किमतीस विकत मागण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्यास असतो. मर्यादेच्या दुप्पट खर्चून इंजिन घडविणाऱ्यास ते अर्ध्या किमतीत गमवावे लागण्याची धास्ती राहते. तपासनिसाचे काम येथे हितसंबंधच करतो, हे या नियमाचे मर्म आहे.

४. भारतीय पूर्वोदाहरण

असा वर्ग आपल्या देशात रुजेल काय, या शंकेचे उत्तर मोटारशर्यतीने दिलेले आहे. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी देशी मोटारींचे सुटे भाग वापरून अल्प खर्चाच्या शर्यती मोटारी घडविल्या. मारुतीच्या लहान इंजिनावर चालणारा ‘फॉर्म्युला मारुती’ हा वर्ग त्याच प्रयत्नांतला. नारायण कार्तिकेयन यांच्या शर्यतजीवनाचा आरंभ याच वर्गातून झाला आणि २००५ मध्ये ते ‘फॉर्म्युला वन’मध्ये उतरलेले पहिले भारतीय ठरले. पहिली पायरी देशात, देशी इंजिनावर आणि दुरुस्ती करता येण्याजोग्या यंत्रावर उभी होती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

५. सणसवाडीचा परिसर

पुणे–अहिल्यानगर मार्गावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या दरम्यान सणसवाडी वसलेली आहे. या गावापासून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग व अभियांत्रिकी माल तयार करणारे कारखाने दाटले आहेत. प्रवेशवर्गास लागणारी कौशल्ये – साचे घडविणे, जोडकाम, इंजिनाची निगा, मोजमापाची शिस्त – या पट्ट्यातील तरुण कारागिरांच्या हाती रोजची आहेत. येथे उणीव आहे ती प्रवेशाच्या वाटेची.

शर्यतीच्या नियमबद्ध संस्कृतीचीही येथे वाण नाही. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांत बैलगाडा घाटात एकेकटा धावतो. त्याची स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते, आणि क्रमांक सेकंदांच्या हिशेबाने लागतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यास दिलेली मान्यता यांमुळे या शर्यतींची चर्चा बहुधा कायद्याच्या अंगानेच झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे. एकेका स्पर्धकाची वेळ मोजण्याची ही रीत नवशिक्या नौकाचालकांसाठीही उत्तम होय. नौका शेजारी शेजारी धावत नसल्याने टकरीचे भय नाही, आणि दोन नौकांवर पन्नास जणांची परीक्षा घेता येते. आंतरराष्ट्रीय संघटनेचा मुलांसाठीचा ‘फॉर्म्युला फ्यूचर’ हा उपक्रमही लहान रबरी नौका बोयांमधून घड्याळाविरुद्ध चालविण्याचाच आहे.

सामुदायिक मालकीचा दाखलाही जवळच आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबात वल्ह्यांच्या होड्या संस्थेच्या असतात. विद्यार्थ्यास होडी विकत घ्यावी लागत नाही, आणि तरीही ‘रेगाटा’ची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

६. वर्गाचा आराखडा

या सर्वांवरून पुढील आराखडा सुचतो. सुमारे चार मीटर लांबीची, एकाच साच्यातील फायबरग्लासची नौका; पंचवीस ते तीस अश्वशक्तीचे, मोहोरबंद, चार-धावी इंजिन; एकाच मापाचा प्रोपेलर; चालकासह नौकेचे किमान वजन ठरलेले, म्हणजे हलक्या अंगाच्या चालकास फुकटचा लाभ नाही. अशी नौका ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास जाईल, आणि शिकण्यास तेवढा वेग पुरेसा आहे. नौका व इंजिने मंडळाच्या मालकीची असावीत आणि प्रत्येक शर्यतीपूर्वी चिठ्ठ्या टाकून वाटली जावीत. ज्यास आपल्या वाट्यास कोणते इंजिन येईल हे ठाऊक नाही, तो कोणत्याच इंजिनावर गुपचूप खर्च करणार नाही. चिठ्ठी हीच येथे दाव्याच्या नियमाची स्वस्त आवृत्ती होय. साचा मात्र मंडळाचा असावा आणि त्यातून नौका काढण्याची मुभा एकाहून अधिक कारखान्यांना असावी, म्हणजे एकरचना पद्धतीचा मघा सांगितलेला दोष टळेल.

एक गोष्ट काटकसरीच्या बाहेर ठेवली पाहिजे : सुरक्षितता. तरंगजाकीट, शिरस्त्राण, चालक फेकला जाताच इंजिन बंद पाडणारी दोरी आणि पाणबुड्यांसह सज्ज बचावनौका यांत तडजोड नाही. हा खर्च सामुदायिक असल्याने वाटला जातो.

पाण्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. शिरूर तालुक्यातील घोड धरण अथवा दौंड–इंदापूरकडील उजनीचा फुगवटा सहज डोळ्यांपुढे येतो. परंतु ही पाणी पिण्याची व शेतीची आहेत, उन्हाळ्यात ती ओसरतात, आणि भिगवणच्या परिसरात रोहित पक्ष्यांचा हिवाळी मुक्काम असतो. न जळलेले इंधन पाण्यात सोडणारे जुने दोन-धावी इंजिन येथे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जेद्दा येथे विजेवर चालणाऱ्या नौकांच्या ‘ई-वन’ जागतिक मालिकेस आरंभ झाला. तेथील नौका महागड्या आहेत. पण लहान वेळेच्या, एकेकट्याने धावण्याच्या शर्यतीस लहान विद्युतघट पुरू शकतो, आणि घट व मोटारी यांचे तंत्र या औद्योगिक पट्ट्यास परके नाही. प्रवेशवर्ग आरंभापासूनच विद्युत् असावा काय, हा प्रश्न यासाठी गंभीरपणे विचारात घ्यावा लागेल.

मुंबईच्या शर्यतीने प्रेक्षक मिळतात हे दाखविले. चालक मिळावयाचे असतील, तर चार-सहा मंडळाच्या नौका, एक प्रामाणिक तपासनीस आणि पाच-सहा पानांचे नियमपुस्तक एवढ्यावर आरंभ करता येतो. त्या नियमपुस्तकातील प्रत्येक कलमास एकच प्रश्न विचारावा : हे कलम असताना श्रीमंत स्पर्धकास जादा पैसा खर्चून काय मिळेल? ‘काहीच नाही’ असे उत्तर ज्या दिवशी सर्व कलमांतून येईल, त्या दिवशी सणसवाडीच्या कार्यशाळेतील तरुणास त्या आसनावर बसण्यासाठी आधी दुसऱ्या खेळात कीर्ती मिळवावी लागणार नाही.